ट्रॅव्हलरमध्ये छताखालचे कप्पे कसे बांधावेत? आधार, प्लाय, बिजागऱ्या, कड्या

घाटवाट
गाडी फोर्स ट्रॅव्हलर, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ३३५० मिमी. सीटा आणि आतलं पॅनेलिंग काढलेलं आहे, पत्रा उघडा आहे. डाव्या बाजूला पलंगाच्या वर १८०० मिमी लांबीचे कप्पे हवेत. उंची साधारण ३००, खोली तळाशी ३३०. सुताराचं म्हणणं असं की १८ मिमी प्लायचं एकच लांब खोकं करू, दोन्ही बाजूंनी सनमायका लावू आणि छताला स्क्रूने धरू. प्रश्न तीन:
१. छताच्या पॅनेलला धरलेले स्क्रू पुरतील का?
२. प्लाय किती मिमी?
३. दारं बंद राहण्यासाठी मॅग्नेट चालेल का?

रंधा_गुण्या
तिन्हींची उत्तरं आधी थोडक्यात: नाही, १२ आणि ९, नाही.

आता वजनाचा हिशोब. घरच्या पद्धतीने पाठ, माथा, तळ, उभ्या फळ्या, दारं सगळंच १८ मिमीत केलं, तर १८०० लांबीला साधारण २.८ चौरस मीटर प्लाय लागतो. गर्जनचा (जड, कठीण लाकडाचा) प्लाय घनमीटरला ७०० किलोच्या आसपास भरतो, म्हणजे प्लायच ३५ किलो. दोन्ही बाजूंची १ मिमी सनमायका आणखी ८ किलो, सामान-सुमान ३. रिकामं कपाट ४६ किलो झालं, आणि तेही डोक्यावर.

तेच काम असं करा. पाठ नको, कारण गाडीची भिंत आहे. माथा नको, कारण छत आहे. उभ्या फळ्या आणि दारं १२ मिमी, तळ ९ मिमी, समोर वर-खाली ५० मिमी रुंदीच्या दोन पट्ट्या. पॉपलरचा प्लाय घेतला (घनमीटरला ४५० ते ५५० किलो), तर लाकूड १० किलो, ॲल्युमिनियमचे अँगल दीड किलो, बिजागऱ्या-कड्या आणि दार वर धरणारे गॅसचे पंप मिळून दोन. एकूण साडेतेरा किलो. गर्जनमध्येच हे केलं तरी सनमायकाशिवाय १८ किलोच्या आत बसतं.

पॉपलर यमुनानगरकडून भरपूर येतो, पण त्यातला बराच माल एमआर ग्रेडचा (फक्त दमटपणा सोसणारा) असतो. तो घेतलात तर कडा आणि भोकं सील करण्यात कुचराई नको. आयएस ७१० या मानकाचा मरीन प्लाय पाण्याला चांगला, पण जड. कप्प्यांना मी वजनाला जास्त महत्त्व देईन. सिंकखालच्या कपाटाला मरीनच हवा.

वेल्ड_आणि_रिव्हेट
आधाराबद्दल सविस्तर लिहितो, कारण कप्पे गळून पडतात ते प्लाय कमी पडला म्हणून नव्हे, धरलेली जागा चुकली म्हणून.

छताचं आतलं पॅनेल ४ किंवा ६ मिमीचं असतं आणि ते स्वतःच क्लिपांवर किंवा लहान स्क्रूंवर लटकलेलं असतं. त्याला कपाट अडकवणं म्हणजे चित्राच्या खिळ्याला सिलिंडर टांगण्यासारखं आहे. बाहेरचा पत्रा एक मिमीच्याही आत असतो, त्यालाही धरायचं नाही. धरायचं ते छताच्या आडव्या रिबांना (पत्र्याला आतून ताठ ठेवणाऱ्या पोकळ पट्ट्यांना) आणि छत-भिंत जिथे वळते तिथल्या लांब चॅनेलला. खालची ओळ उभ्या पिलरांना.

किती जोर येतो ते पाहा. कपाट १३.५ किलो आणि आत २५ किलो सामान, म्हणजे सुमारे ३९ किलो. खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवर उभा हिसका तिप्पट धरला तर साधारण ११५० न्यूटन. वजनाचा मध्य भिंतीपासून १६० मिमी बाहेर आहे, म्हणून कपाट खाली येण्याबरोबर पुढे कलायलाही बघतं. हा कलवणारा जोर, म्हणजे मोमेंट, १८४ न्यूटन-मीटर. वरच्या आणि खालच्या बोल्टांत २८० मिमी अंतर असेल तर वरच्या ओळीवर ओढ ६५६ न्यूटन. वर चारच बोल्ट धरले तरी प्रत्येकी १६४, म्हणजे १७ किलोचा भार. रिबेत बसलेल्या एम६ (६ मिमी बोल्टच्या) रिव्हनटला, म्हणजे पत्र्याच्या भोकात दाबून पक्क्या केलेल्या आटेवाल्या नटला, हे काहीच नाही. १८ मिमीच्या कपाटाला हाच हिशोब लावला तर आकडा ३०० न्यूटनवर जातो. बोल्ट तरीही टिकेल, पण रिबेचा पातळ पत्रा दर हिसक्याला वाकून-सरळ होऊन थकतो आणि भोकाच्या कडेला चीर जाते.

या हिशोबातून दोन गोष्टी निघतात. वरच्या-खालच्या बोल्टांमधलं अंतर जितकं जास्त तितकी ओढ कमी. नुसतं छताला टांगलेलं कपाट म्हणूनच हलतं. आणि खोली ३३० वरून ४०० केली तर मोमेंटही त्याच प्रमाणात वाढतो. खोल कप्पा हवासा वाटतो, पण ३३० पुरे.

रिव्हनट बसवण्याची पद्धत:

रिबेच्या मध्यरेषेवर पंच मारा. ३ मिमी, मग ६, मग ९ मिमी ड्रिल. एम६ च्या रिव्हनटला बहुतेक ९ मिमीचंच भोक लागतं, तरी पुडक्यावरचा आकडा बघा; अर्धा मिमी जास्त झालं की रिव्हनट फिरतो. ड्रिलला १० मिमीवर टेप किंवा स्टॉप कॉलर लावल्याशिवाय छताकडे तोंड करायचं नाही. रिब पोकळ आहे, पलीकडे थेट बाहेरचा पत्रा आहे.

भोकाची बुरी (कडेला उठलेला धारदार कीस) काढा, झिंक प्रायमर ब्रशने लावा, पूर्ण वाळू द्या. चकाकत्या पत्र्यात तसाच रिव्हनट मारला तर कोकणातल्या दोन पावसाळ्यांत तिथून गंज ओघळतो. ड्रिलचा कीस व्हॅक्यूमने काढा, चॅनेलमध्ये राहिलेला कीसही गंजतो.

रिव्हनट स्टीलचाच, अंगावर उभ्या रेघा असलेला घ्या, गुळगुळीत नको. ग्रिप रेंज (रिव्हनट किती जाडीचा पत्रा पकडतो तो आकडा) पत्र्याच्या जाडीला जुळणारी हवी. हातोडीने नाही, हँड टूलनेच ओढा.

बोल्टची लांबी मोजून घ्या: अँगल ३, वॉशर दीड, रिव्हनट साधारण १५. म्हणजे २० मिमीचा बोल्ट. "जरा मोठा असू दे" म्हणून ३५ चा घातला तर टोक बाहेरच्या पत्र्याला टेकतं आणि छतावर बाहेरून फोड दिसतो. ते सरळ होत नाही.

घट्ट करताना ६ ते ८ न्यूटन-मीटर. मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद, २४३ नंबरचा) एक थेंब.

घाटवाट
रिव्हनट फिरायला लागला तर?

वेल्ड_आणि_रिव्हेट
बोल्ट आत असताना फिरत असेल तर रिव्हनटच्या कॉलरखाली (पत्र्यावर दिसणाऱ्या कडेखाली) स्क्रूड्रायव्हर दाबून धरून बोल्ट काढा. मग कॉलरवर ९ किंवा १० मिमीचं ड्रिल हळू चालवा, कॉलर उडेल, उरलेलं आत पडेल. ते चॅनेलमध्ये खडखडत राहतं, म्हणून चुंबकाने ओढून घ्या. त्या भोकात आता एम८ चा रिव्हनट (११ मिमी भोक) बसतो. नाहीतर ४० मिमी बाजूला नवीन भोक पाडा आणि जुनं प्रायमर व सीलंटने बुजवा.

दोनसूत
मापांबद्दल. इथेच सगळ्यात जास्त प्लाय वाया जातो.

सुतार सुतात बोलतो, तुम्ही मिमीत. एक सूत म्हणजे एक अष्टमांश इंच, म्हणजे ३.१७५ मिमी. "चार सूत" म्हणजे १२.७, १२ नव्हे. एका मापाला काही बिघडत नाही, पण आठ मापांत साठत गेलं की दार बसत नाही. कटलिस्ट मिमीतच द्या आणि एकच टेप सगळीकडे वापरा.

गाडीत लेव्हल-बाटली आणि ओळंबा दोन्ही वापरायचे नाहीत. गाडी उभी आहे ती जमीनच सपाट नसते, शिवाय स्प्रिंगवर एका बाजूला थोडी झुकलेली असते. सगळी मापं गाडीच्या लादीपासून. लादीपासून कपाटाच्या तळापर्यंतचं अंतर मागे-पुढे सारखं आलं की कपाट सरळ.

भिंत सरळ नाही, वर जाताना आत वळते. ट्रॅव्हलरचा सांगाडा जुन्या मर्सिडीज टी-१ च्या घराण्यातला. भिंती बऱ्यापैकी उभ्या आहेत, पण खांद्याला वळण आहेच. म्हणून उभी फळी चौकोनी कापायची नाही. खोक्याच्या पुठ्ठ्याचा फर्मा करा. पुठ्ठा भिंतीला साधारण टेकवा, कंपासमध्ये सगळ्यात मोठ्या फटीएवढं अंतर धरा, एक टोक भिंतीवरून सरकवत पेन्सिल पुठ्ठ्यावर चालवा. त्या रेषेवर कापा, पुन्हा लावून बघा. दोन फेऱ्यांत बसतो. तळाला ३३० असेल तर माथ्याला २५० च्या आसपास उरतं.

पुढच्या टोकाला एक फर्मा आणि मागच्या टोकाला वेगळा. एकाच फर्म्यावर सगळ्या फळ्या कापल्या तर शेवटच्या फळीला बोट जाईल एवढी फट राहते.

आणि फर्मा इन्सुलेशन आणि पॅनेल लावून झाल्यावरच घ्यायचा. उघड्या पत्र्यावर घेतलेला फर्मा नंतर २०–२५ मिमीने चुकतो.

रंधा_गुण्या
याच्याशी जोडून: १८०० चं एकच खोकं करू नका. घाटात आणि खराब रस्त्यावर बॉडी पिळते. लांब ताठ खोकं दोन्ही टोकांना जखडलं की पीळ सांध्यांवर येतो. आधी करकर सुरू होते, मग कोपऱ्याचा स्क्रू सैल होतो, मग दार घासतं. ८९८ ची दोन खोकी करा, मधे ३ मिमी फट ठेवा आणि तिथे फेल्टची पट्टी लावा. उचलून बसवायलाही दोन लहान खोकी सोपी.

एका बाजूची कटलिस्ट:

१२ मिमी: उभ्या फळ्या ६ (फर्म्याप्रमाणे, साधारण ३०० × ३३० वरून २५० वर निमुळत्या), दारं ४ (४४५ × २९६), पट्ट्या ४ (८९८ × ५०).
९ मिमी: तळ २ (८९८ × ३३०).
अँगल: ॲल्युमिनियम २५ × २५ × ३, एकूण ३.६ मीटर.

काटेकोर मांडणी केली तर १२ मिमीच्या एका आठ-बाय-चार शीटमध्ये दोन्ही बाजूंचे कप्पे निघतात. ९ मिमीचीही एकच शीट पुरते, वर तुकडा उरतो.

जोडणी: तळासाठी उभ्या फळ्यांत खाच पाडायची गरज नाही. आतून २० × २० च्या लाकडी पट्ट्या चिकटवून त्यावर तळ बसवा. प्लायच्या कडेत स्क्रू मारला तर थर फाटतो, १२ मिमीत तर नक्कीच. मारायचाच तर आधी पायलट भोक पाडा, स्क्रू बारीक घ्या आणि फळीच्या टोकापासून ४० मिमी दूर राहा. जोर गोंदावर ठेवा, स्क्रू फक्त गोंद वाळेपर्यंतच्या पकडीसाठी आहे असं समजा. वॉटरप्रूफ गोंद हवा, फेविकॉल मरीन चालतो.

अँगलमध्ये रिव्हनटसमोर गोल भोक न पाडता ६.५ × १२ चा लांबट स्लॉट पाडा. बसवताना सरकवायला जागा मिळते.

खाडीकाठ
बिजागऱ्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही. ३५ मिमी कपाच्या ऑटो हिंज १२ मिमीच्या दाराला लावायच्या नाहीत. कपाला साधारण १२ ते १३ मिमी खोल भोक लागतं, म्हणजे ड्रिल दारातून पलीकडेच निघतं. किमान १६ मिमीचं दार हवं. म्हणजे त्या एका बिजागरीपायी सगळी दारं जाड होतात. १२ मिमीला साधी बट बिजागरी किंवा पियानो हिंज (दाराच्या पूर्ण लांबीची पट्टी-बिजागरी) उत्तम. स्क्रू १० मिमीपेक्षा लांब नको. पकड जास्त हवी तर एम४ चा मशीन स्क्रू आरपार घालून मागून कॅप नट लावा.

दार वर उघडणारं, बिजागरी वरच्या पट्टीला. बाजूला उघडणारं दार चालत्या गाडीत उघडलं तर थेट चेहऱ्याच्या उंचीवर येतं.

घाटवाट
दार वर धरायला गॅसचे पंप किती न्यूटनचे? दुकानात ८०, १००, १५० असे सांगतात आणि जोडीने देतात.

खाडीकाठ
एका दाराला एकच, ६० न्यूटनचा. दार कडीसकट एक किलो. आडवं उघडलेलं असताना वजनाचा मध्य बिजागरीपासून १४८ मिमी, म्हणजे मोमेंट १.४५ न्यूटन-मीटर. पंपाची रेषा बिजागरीपासून ४० मिमी दूर जात असेल तर लागणारा जोर ३६ न्यूटन. साठचा पुरतो, थोडा वर उरतोही. शंभरच्या जोडीने ८ न्यूटन-मीटर होतात, गरजेच्या पाचपट. मग दार झटक्यात उघडतं, बंद करताना वाकतं आणि पंपाच्या ब्रॅकेटचे स्क्रू प्लायमधून उपटतात. ६० चा मिळाला नाही तर ८० चा एक लावा आणि ब्रॅकेट बिजागरीच्या थोडं जवळ सरकवा.

ब्रॅकेटची जागा अशी निवडा की दार बंद असताना पंपाची रेषा बिजागरीच्या जवळजवळ मधून जाईल. तशी बसली की बंद दारावर उघडण्याचा जोर येत नाही. कायम करण्याआधी पुठ्ठ्याच्या दाराची प्रतिकृती आणि दोन टाचण्या घेऊन कागदावर फिरवून बघा. पंपाचा दांडा बंद अवस्थेत खाली तोंड करून असावा, म्हणजे आतलं तेल सीलपाशी राहतं.

पंप कडीचं काम करत नाही, आणि मॅग्नेटही नाही. मॅग्नेट सरळ ओढीला चांगला असतो, पण दार एक मिमी जरी सुटलं की त्याचा जोर झपाट्याने घटतो. स्पीडब्रेकरवर आतला डबा दाराला आदळला की तेवढंच होतं. दाब-बटणाची पुश-लॉक कडी लावा: बटण आत म्हणजे बंद, बाहेर म्हणजे उघडं, आणि बाहेर आलेलं बटण हँडलचंही काम करतं. गाडी सुरू करण्यापूर्वी नजर फिरवली की कुठलं दार उघडं राहिलं ते कळतं. खरेदी करताना कडी कुठल्या जाडीच्या दाराला चालते ते बघाच; बऱ्याचशा जाड दारासाठी असतात, त्यांना १२ मिमीच्या मागे ४ मिमीचा तुकडा चिकटवावा लागतो.

तळाच्या पुढच्या कडेला आतून २५ मिमी उंचीची ओठपट्टी ठेवा. दार उघडल्याबरोबर डबा अंगावर येत नाही.

आरटीओ_कट्टा
सुतारकामाच्या आधीचं एक काम. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या नोंदणीतल्या तपशिलात बदल होत असेल तर परवानगी लागते. सीटा काढून पलंग-कपाटं केली की तो बदलच आहे. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. आरटीओत आधी विचारा, विमा कंपनीलाही लेखी कळवा. कपाटं लागल्यावर विचारायला गेलात तर उघडायची वेळ येऊ शकते.

दूरदेशी
जर्मनीतून. इथे ड्युकाटो आणि स्प्रिंटरवर हेच काम होतं आणि पॉपलर प्लायच चालतो, गर्जन कुणी वापरत नाही. पॅनेल व्हॅनमध्ये छताच्या कडेच्या चॅनेलला कारखान्यातूनच भोकं असतात. नवीन पाडण्याआधी ती मोजा, त्यांतच रिव्हनट बसले तर उत्तम.

कुठल्याही गाडीला लागू असलेली एक सूचना: पडद्यासारख्या बाजूच्या एअरबॅग असतील तर त्या छताच्या कडेनेच धावतात. तिथे ड्रिल अजिबात नाही, आणि त्यांच्या उघडण्याच्या वाटेत कपाटही नाही.

थंडीसाठी: रिबेतला बोल्ट बाहेरच्या गारठ्याला थेट जोडलेला असतो, त्यावर दव धरतं आणि मागे ठेवलेले कपडे ओले होतात. बोल्टच्या डोक्यावर फोमचा तुकडा किंवा प्लास्टिकची टोपी लावा.

खाडीकाठ
आपल्याकडे थंडीपेक्षा जुलै-ऑगस्टचा त्रास. बंद कप्प्यात दमट हवा कोंडली की आठवड्याभरात बुरशी येते. भिंतीकडची कड पूर्ण चिकटवू नका, १० मिमी फट ठेवा. तळाला मागच्या बाजूला २५ मिमीची पाच-सहा भोकं पाडा. प्रत्येक कापलेल्या कडेला, अगदी कडीच्या आणि वायरच्या भोकालाही, पीयूचे (पॉलियुरेथेन वार्निशचे) दोन हात द्या. आतून सनमायका नको, पीयू पुरतं आणि वजन वाचतं.

आणि एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीचं छत इतकं तापतं की कॉन्टॅक्ट ग्लू मऊ पडतो. सनमायका, एज बँड (प्लायच्या कडेला चिकटवायची पट्टी), छताचं कापड, सगळं आधी कोपऱ्यातून सुटतं. एज बँडऐवजी कड गोल करून पीयू मारणं टिकाऊ.

वेल्ड_आणि_रिव्हेट
कामाचा क्रम लक्षात ठेवा, उलटा झाला तर सगळं दोनदा करावं लागतं. आधी रिव्हनट, मग वायरिंग, मग इन्सुलेशन, मग छताचं पॅनेल, मग फर्मा, शेवटी कपाट. पॅनेल लावण्याआधी प्रत्येक रिव्हनटमध्ये एम६ चा लांब स्क्रू उभा ठेवा. पॅनेल दाबलं की त्यावर खुणा उमटतात. टेप शेजारी धरून फोटोही काढून ठेवा.

एलईडी पट्टीची वायर वरच्या पट्टीमागून न्या, प्लायच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट घाला. १२ व्होल्ट असलं तरी इन्सुलेशन घासून शॉर्ट झाला तर वायर लाल होते. फ्यूज बॅटरीजवळच.

बसवताना लादीपासून कपाटाच्या तळापर्यंतच्या मापाचे दोन टेकू कापून घ्या, कपाट त्यांवर ठेवा, सगळे बोल्ट हाताने दोन-तीन आटे लावा आणि मगच एकेक आवळा. एक पूर्ण आवळून दुसरा लावायला गेलात तर शेवटचा कधीच जुळत नाही.

घाटवाट
रिव्हनटसाठी रिबांच्या खुणा करून झाल्या. कपाटाच्या पट्ट्यात चार रिबा येतात, पण त्यांतली एक नेमकी दोन खोक्यांच्या मधल्या फटीवर येते. खोकी ८५० आणि ९४५ अशी असमान करू का?

रंधा_गुण्या
नको. खोकी सारखीच ठेवा, वरचा अँगल मात्र फटीच्या दोन्ही बाजूंना ६० मिमी जाईल असा घ्या. त्या रिबेत २५ मिमी अंतरावर दोन रिव्हनट बसतील एवढी रुंदी असेल तर प्रत्येक खोक्याला आपापला बोल्ट मिळतो. रुंदी कमी असेल तर तिथे ३ मिमी जाडीची १२० × ४० ची स्टीलची पट्टी घ्या, मधोमध रिबेला एक बोल्ट, आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना दोन खोकी. टोकांची भोकं लांबट ठेवा, पीळ तिथेच जिरेल.

आणि पाचशे किलोमीटर चालवून झाल्यावर सगळे बोल्ट एकदा पान्याने तपासा. पहिल्यांदा प्लाय दबतो, तेव्हा पाव आटा तरी बसतोच.